रमणतळ्याची गुप्तगंगा

आरळगावच्या उत्तरेला तांबड्या मुरमाचा माळ आहे आणि माळाच्या टोकाला एक जुना उंबर. श्री उंबरगिरी महाराज वर्षातले दहा महिने पायी फिरत असत. पण भाद्रपद सरत आला की त्यांची पावलं या उंबराकडे वळायची आणि दिवाळीपर्यंत मुक्काम तिथंच असायचा. त्यांचं मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. उंबराखाली बसत म्हणून उंबरगिरी, एवढंच. अंगावर एक घोंगडी, हाताशी एक पितळी गडवा. मागणं काही नाही, रागावणं थोडं, थट्टा मात्र भरपूर. महाराज हसले की निम्मी चिंता तिथंच उतरायची, असं आमच्या आधीची माणसं सांगत.

त्याच माळाच्या उतारावर रमणतळं. आज तुम्ही गेलात तर तिथं म्हशी डुंबताना दिसतील आणि म्हणाल, यात काय आहे? पण त्या काळचं रमणतळं काय होतं म्हणून सांगू! जहागीरदारांनी ते शेतीसाठी बांधलं नव्हतं, ना पिण्यासाठी. निव्वळ हौस. दोन टेकड्यांमधल्या ओढ्याला मातीची पाळ घातली, पाणी अडवलं आणि त्यात नावा सोडल्या. एका नावेला मोराचं तोंड, दुसरीला हंसाचं. संध्याकाळी गावची माणसं पाळीवर हवा खायला जात. माहेरपणाला आलेल्या लेकी घरी पिशवी टेकवायच्या आणि आधी तळ्याला जाऊन यायच्या. कोजागिरीला जहागीरदारांचे पाहुणे नावांतून फिरत, तेव्हा पाण्यावरचे दिवे बघायला पाच गावं लोटायची. गेले ते दिवस. असो, कथा सांगायला बसलोय, हळहळायला नव्हे.

पाळीच्या पायथ्याशी चाळीस खोपटांची वडारवस्ती होती. ज्यांनी पाळ बांधली त्यांनाच जहागीरदारांनी खाली जागा दिली होती. त्या वस्तीत इराप्पा राहायचा. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. पाळ बांधली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि ते दिवस त्याच्या डोळ्यांपुढून कधी हलले नाहीत. गाढवांच्या रांगा, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया, माती ठोकायला धुमस आपटताना म्हटलेली गाणी. त्याचा बाप तिमण्णा मातीचा जाणता होता. पाळीच्या दोन्ही अंगांना इथलाच तांबडा मुरूम चालला. पण पाळीच्या पोटात घालायला त्यानं चार कोसांवरून चिकण काळी माती आणवली. पाण्याला अडवते ती पोटातली माती, वरची नव्हे, असं तो सांगायचा. ती माती तो बोटांवर वळून तिची बांगडी करायचा. बांगडी मोडली तर गाढव तसंच मागं पाठवायचा.

एकदा इराप्पानं महाराजांकडे मंत्र मागितला. महाराजांनी विचारलं, "दिवसभर काय करतोस?"

"दगड फोडतो. सकाळच्याला पाळीवरनं एक चक्कर मारतो. घुशीचं बीळ, खेकड्याचं भोक दिसलं की बुजवतो. बाभळीचं रोप उगवलं की उपटतो. बा सांगून गेलाय."

"मग मंत्र आणखी कशाला? नाम घेत चक्कर मार. तीच तुझी प्रदक्षिणा."

झालं! त्या दिवसापासून इराप्पाची एकही सकाळ चुकली नाही. डावीकडून उजवीकडे पाळीवरून, मग खाली उतरून पायथ्यापायथ्यानं परत. ओठांवर नाम, हातात काठी, डोळे जमिनीवर. गावाला मात्र हसायला कारण मिळालं. सगळ्यांत जास्त हसायचे ते रंगोपंत कारभारी.

रंगोपंत हे जहागीरदारांचे इथले सर्वेसर्वा. माणूस लबाड नव्हता, कामचुकार तर मुळीच नव्हता. पण आपल्याला कळतं ते दुसऱ्याला कळणं शक्य नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. पाळीवर इराप्पा दिसला की ते बरोबरच्या मंडळींना म्हणायचे, "हा बघा. लोक देवळाला प्रदक्षिणा घालतात, हा घुशीच्या बिळाला घालतो." मंडळी हसायची. इराप्पा बाजूला उभा राहून वाट द्यायचा.

ही कथा घडली त्याच्या दोन वर्षं आधी रंगोपंतांनी पाळीच्या मधोमध बसायला चार खांबांची छत्री उभारली. खांब रोवायला पुरुषभर खोल खड्डे खणले. इराप्पा हात जोडून म्हणाला होता, "पंत, खाली काळी माती हाय. तिला भोसकू नका." पंत म्हणाले, "मातीला काय दुखतं का रे?" आणि छत्री उभी राहिली. दिसायला सुरेख होती, हे खोटं कशाला सांगा.

मग कथेच्या वर्षी, ऐन गणपतीत छत्रीच्या बरोबर खाली, पाळीच्या पायथ्याशी पाण्याची एक धार दिसू लागली. बोटाएवढी आणि स्फटिकासारखी स्वच्छ. पाणी भरायला गेलेल्या एका बाईनं ती पहिल्यांदा पाहिली. रंगोपंत बघायला आले, गुडघे टेकून त्यांनी ओंजळ भरली, प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, "गुप्तगंगा प्रकटली." मग काय विचारता! आठवड्याभरात धारेला दगडी गोमुख बसलं. हळदकुंकू, नारळ, नवस सुरू झाले. तिथं बांधायच्या देवळासाठी नदीची वाळू, खडी आणि घडीव दगड आणून शेजारीच ढीग रचले. भूमिपूजनाचा मुहूर्त दसऱ्यानंतरच्या एकादशीचा धरला.

इराप्पानं धार पाहिली तेव्हा तो नुसता उकिडवा बसला आणि बघत राहिला. त्यानं हात जोडले नाहीत. लोकांनी ते लक्षात ठेवलं.

"काय रे, गंगामाईला नमस्कार नाही करायचा?" पंतांनी विचारलं.

"पानी तळ्यातलं हाय, पंत. सोच्छ येतंय तवर भ्या न्हाई. गढूळ झालं की मातूर घात हाय."

"गंगा गढूळ व्हायची नाही, इराप्पा. माणसाची नजर गढूळ असते," पंत म्हणाले. आणि भोवतीच्यांना हे वाक्य इतकं आवडलं की संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

याच सुमाराला इराप्पाची लेक नागव्वा बाळंतपणाला आली होती. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला तिला मुलगी झाली. आईवेगळ्या लेकीचं पहिलं बाळंतपण; इराप्पा खोपटाच्या दाराशी बसून नाम घेत होता, आणि आतून रडणं ऐकू आलं तेव्हा तोही रडला. म्हातारपणी एवढं सुख त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

इकडे हस्ताचा पाऊस धरून बसला. कोजागिरीला तळं पायरीपर्यंत भरलेलं दिसावं म्हणून रंगोपंतांनी सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, फळ्या ठोकून आणि मातीची पोती रचून बंद केला. पाळीवर पाहुण्यांसाठी फुलांच्या कुंड्या मांडल्या आणि इराप्पाला निरोप धाडला की आता पाळीवर यायचं नाही, चिखलाचे पाय उमटतात.

त्या सकाळी इराप्पा पाळीच्या पायरीशी गेला आणि शिपायानं परतवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची प्रदक्षिणा चुकली. तो घरी आला. नागव्वा लेकराला न्हाऊ घालून मांडीवर घेऊन बसली होती. लेकराच्या कपाळावर काळा टिळा होता.

"ह्ये काय लावलंस?"

"गंगेचा बुक्का, आबा. काल दुपारपासनं गोमुखातनं पान्यासंगं काळा बुक्का येतोय. सगळी नेत्यात. पंत म्हणाले, गंगामाईनं परसाद धाडलाय. शेजारच्या मावशीनं आणून दिला."

इराप्पानं पुढं होऊन बोटानं तो टिळा पुसला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घासला. मऊ, लोण्यासारखा, कणभरही खर नाही. आजूबाजूला चार कोस तांबड्या मुरमाशिवाय माती नव्हती. त्यानं वाटीतला उरलेला बुक्का घेतला, तळव्यावर वळला आणि करंगळीभोवती त्याची बांगडी केली. बांगडी मोडली नाही.

बापानं गाढवांवरून आणलेली माती लेकराच्या कपाळावर आली होती. म्हणजे पाळीचं पोट थोडं थोडं बाहेर येत होतं, आणि सारा गाव ते कपाळाला लावून घरी जात होता. 

इराप्पा तसाच रंगोपंतांकडे धावला. पंत पानाला चुना लावत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा बाप चाळीस वर्षांपूर्वी माती टाकून गेला आणि ती तुला आज ओळखू आली? अरे, गाढवांची ओळख ठेवलीस तर समजू शकतो." ओसरीवरची मंडळी खो खो हसली. इराप्पानं हात जोडले. "पंत, सांडवा तेवढा मोकळा करा. खाली चाळीस घरं हायत." पंत म्हणाले, "कोजागिरी होऊ दे, मग बघू." वस्तीतही कुणी ऐकेना. गंगेच्या पायाशी राहतोय, आपल्यासारखे भाग्यवान कोण, असं म्हणणारे त्याच्याच जातीचे होते. आणि बाळंतिणीला भर पावसात कुठं हलवायचं, हा प्रश्न त्याच्या स्वतःच्याच घरात होता.

राहता राहिले महाराज. पण नवरात्रात महाराजांचं मौन असे. इराप्पा रोज उंबराखाली जाऊन समोर बसायचा, डोळ्यांतून पाणी गाळायचा आणि परत यायचा. महाराज त्याच्याकडे बघत, पण बोलत नसत. सातव्या माळेला त्याच्या मनात आलं, देवालाही ऐकू येत नसेल तर आपणच खुळे आहोत का? सगळा गाव म्हणतोय ते खरं असेल का? भक्ताच्या वाट्याला असा दिवस येतोच, बाबांनो. त्या दिवशी त्यानं उंबराला पाठ फिरवली. पण परत जाताना पायथ्याशी थांबून धार किती जाड झाली ते बघायला विसरला नाही. दोन बोटं झाली होती.

दसऱ्याला मौन सुटलं. महाराजांचा पहिला शब्द होता, "इराप्पा, पाळ कशी आहे?"

 इराप्पानं कमरेच्या फडक्यातून काळी बांगडी काढून महाराजांच्या हातावर ठेवली. महाराजांनी ती न्याहाळली.

"तिमण्णाची माती?" त्यांनी विचारलं.

"व्हय महाराज."

"उद्या येतो."

एकादशीला पहाटेपासून झड लागली होती. तरी भूमिपूजनाला गाव लोटला. रंगोपंत सोवळं नेसून, शिपायाला छत्री धरायला लावून उभे होते. महाराज माळावरून येताना दिसले तसे पंत पुढं झाले आणि लवून म्हणाले, "महाराज, आपल्या हातून तीर्थ घेतलं की गंगेचा महिमा दाही दिशांना जाईल."

महाराजांनी गडवा गोमुखाखाली धरला. तो भरला तसा एका दगडावर ठेवला आणि शेजारी बसून ते पंतांशी गप्पा मारू लागले. पीकपाणी कसं, जहागीरदार सरकारांची तब्येत कशी. पंत घाईत होते, मुहूर्त चालला होता. पण महाराजांना घाई दिसेना. थोड्या वेळानं महाराजांनी गडव्यातलं पाणी अलगद ओतून टाकलं आणि गडवा पंतांपुढं धरला. तळाशी बोटभर काळा गाळ बसला होता.

"प्रसादच आहे हा, महाराज," पंत म्हणाले.

"प्रसाद आहे खरा. पण नैवेद्य कुणाचा दाखवलाय, ते विचारलंत का?" महाराज म्हणाले. "पंत, एका गडव्यात एवढी माती. दिवसाचे गडवे किती? आणि इतक्या दिवसांची माती जिथून आली, तिथं आता काय उरलंय?"

 एवढ्यात गोमुख हललं. आतून घशात घरघर व्हावी तसा आवाज झाला, दगडी गोमुख उखडून बाजूला पडलं आणि मांडीएवढा काळा लोंढा बाहेर आला. बायका पोरं उचलून पळाल्या. पाळीवरचा शिपाई वरून ओरडला की छत्रीशेजारी जमीन खचतेय आणि तळ्यात पाणी गरगर फिरतंय.

"बोळा कोंबा. पोती आणा, घोंगड्या आणा, भोक बंद करा," पंतांनी हुकूम सोडला.

"न्हाई!" इराप्पा आडवा आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला होता. "बोळा घातलात तर पानी दुसरीकडनं फोडंल. पानी येऊ द्या, माती येऊ देऊ नका. वाळू टाका. आधी वाळू, मग खडी, वर दगूड. वाळूतनं पानी निघंल, माती अडंल. आन् सांडवा खोला."

लोक पंतांकडे बघू लागले. महाराज म्हणाले, "ऐकलंत ना? इराप्पा सांगेल तसं." एवढं बोलून ते पाळीच्या पायऱ्या चढू लागले. वर गेले आणि जिथं जमीन खचत होती तिथंच, खड्ड्याच्या काठाला घोंगडी अंथरून बसले.

इराप्पा धावत वर गेला. "महाराज, तिथं नको. खाली पोकळ झालंय."

"म्हणून तर बसलोय. तुझी वस्ती रिकामी कर, धारेचं बघ. इथलं मी बघतो."

"महाराज, तुमास्नी काय झालं तर..."

"इराप्पा, तू इतकी वर्षं या पाळीला प्रदक्षिणा घातलीस. आज तिच्यात देव बसला तर तुला नवल वाटतंय होय?" महाराज हसले. "जा."

इराप्पा गेला. वस्तीतली माणसं गाठोडी घेऊन माळाकडे निघाली होती. नागव्वा पोतं डोक्यावर घेऊन, लेकरू पोटाशी धरून दारात उभी होती. तिला त्यानं दोन बायांच्या हाती दिलं. "आबा, तू पन चल," ती म्हणाली. तो म्हणाला, "घर वाचवून येतो." ती मागं बघत बघत गेली. तिच्याकडे बघायला त्याला वेळ नव्हता. देवळाच्या वाळूचा ढीग समोर होता, त्याच्या भावकीतले पंधरा-वीस जण पाट्या घेऊन आले होते, आणि धारेवर वाळू पडू लागली. पहिली वाळू वाहून गेली. दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला थोडी टिकली.

वर सांडव्याशी मात्र कुणाचा हात पुढं होईना. सांडवा पंतांच्या हुकमानं बंद झालेला. पंत पाळीवर महाराजांपुढं उभे होते. "महाराज, आज तळं सोडलं तर कोजागिरीला नावा चिखलात बसतील. सरकारांचे पाहुणे उद्या निघताहेत. मी तोंड कसं दाखवू?"

"बरोबर आहे," महाराज म्हणाले. "तुम्ही बंद केलंय, तुमच्या मनाविरुद्ध ते उघडायचं नाही. मी पाहुण्यांची वाट बघत इथंच बसतो."

एवढ्यात महाराजांच्या पलीकडे पाच हातांवर छत्रीचा एक खांब वाकडा झाला. बघता बघता सबंध छत्री, तिच्या कळसासकट, जमिनीत उतरली. आवाजही फारसा झाला नाही. खड्डा सरकत महाराजांच्या गुडघ्यापाशी आला आणि तिथं थांबला. महाराजांनी घोंगडीचं टोक आत ओढून घेतलं, बस्स. पंतांनी ते पाहिलं. आणि मग पायातल्या खडावा तिथंच टाकून, सोवळं खोचून, पावसात धावत जाऊन त्यांनी सांडव्याचं पहिलं पोतं स्वतःच्या हातानं ओढलं. मग गाव धावला.

पाणी सांडव्यातून माळापलीकडच्या ओढ्याला लागलं. पण तळं का घटकेत रिकामं होतं? सबंध दुपार गेली. पाऊस थांबला नाही. महाराज बसून होते, ओठ हलत होते. खाली इराप्पा वाळूवर खडी आणि खडीवर दगड रचत होता आणि दर थोड्या वेळानं ओंजळीत पाणी घेऊन बघत होता. काळं, काळं, मग करडं. रंगोपंत पोती ओढून ओढून रक्ताळलेल्या हातांनी परत पाळीवर आले आणि महाराजांपासून दहा हातांवर बसले. जवळ जायची छाती होईना, सोडून जायची लाज वाटत होती.

सूर्य ढगाआडच कलला. महाराजांनी खाली वाकून हाक मारली, "इराप्पा, आता उठू का रे?"

रंगोपंतांनी मान वर केली. ज्यांच्यापुढं जहागीरदार उभे राहत, ते महाराज एका वडाराला परवानगी मागत होते.

इराप्पानं पाण्याच्या पातळीकडे पाहिलं.  महाराज सकाळपासून उपाशी, भिजून गारठलेले. हो म्हणावंसं वाटत होतं. पण पाळीपुढं खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"महाराज, अजून दोन हात पानी उतराया पाहिजे."

"बरं," महाराज म्हणाले, आणि पुन्हा सरळ बसले.

दिवस मावळायला आला तेव्हा इराप्पानं ओंजळ भरली. पाणी स्वच्छ होतं. तळ्याचं पाणी छत्रीच्या पायाच्याही खाली गेलं होतं. तो पायऱ्या चढून वर आला, महाराजांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "उठा, महाराज."

महाराजांनी हात पुढं केला. इराप्पानं त्यांना उठवलं. ते दोन पावलं चालले असतील नसतील, एवढ्यात मागं धप्प झालं. महाराज बसले होते ती सगळी जागा खाली गेली होती. सगळे काठाशी धावले. खाली गोठ्याएवढी पोकळी होती. आत जिकडंतिकडं निथळणाऱ्या भिंती, तळाशी छत्रीचा कळस चिखलात रुतलेला. महाराजांच्या आसनाखाली वीतभर मातीचं कवच होतं आणि त्याखाली काहीच नव्हतं. किती वेळ नव्हतं, देव जाणे. इराप्पा मातीचा जाणता होता, त्यानं एक नजर टाकली आणि सांगितलं, दुपारपासून. एवढ्या कवचावर कोंबडीसुद्धा उभी राहिली नसती. धन्य ते महाराज, आणि धन्य तो भक्त, ज्याच्या शब्दाखातर ते तिथं आणखी दोन हात पाणी उतरेपर्यंत बसले!

रंगोपंतांनी त्या पोकळीत पाहिलं, आणि मग पाळीवरून खाली, जिथं चाळीस खोपटी जशीच्या तशी उभी होती.  त्यांनी चिखलात लोटांगण घातलं. "महाराज, मी आंधळा. मी चाळीस घरं बुडवली असती. मला पदरात घ्या."

महाराजांनी पाय मागं घेतले. आवाजात राग नव्हता. "पंत, माझ्या पाया पडून काय होणार? मला घरदार नाही, माझं बुडणार काय होतं? ज्यांचं बुडणार होतं ती माणसं माळावर भिजत उभी आहेत. घर राहिलं की गेलं, त्यांना अजून ठाऊक नाही. शिपायाला पाठवू नका. तुम्ही जाऊन सांगा."

रंगोपंत उठले. इराप्पाकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही, पण त्याच्यासमोर येऊन ते खाली मान घालून थांबले.  इराप्पा म्हणाला, "चला पंत, मी दावतो वाट. अंधार पडायच्या आत गेलं पाहिजे."

माळावर एका बाभळीच्या आडोशाला सारी वस्ती गोळा झाली होती. डोक्यावर पोती, पायाशी गाठोडी. पंतांना येताना पाहून माणसं सवयीनं बाजूला सरली. मधे नागव्वा राहिली. अंग चोरून बसलेली, लेकरू पदराखाली. तिनं पंतांकडे पाहिलं नाही, मागच्या बापाकडे पाहिलं. तो दिसल्यावर तिचा धीर सुटला आणि ती हुंदके देऊन रडू लागली. बाप मेला असं धरूनच ती दुपारपासून बसली होती.

रंगोपंतांना ते सोसवेना. त्यांनी डोक्यावरचा भिजलेला रुमाल काढला, त्या बाळंतिणीपुढं गुडघे टेकले आणि ओल्या मातीवर कपाळ टेकवलं. चाळीस घरच्या माणसांदेखत जहागिरीचा कारभारी वडाराच्या लेकीपुढं वाकला. त्यांना वस्तीत कधी कुणी पाय टाकताना पाहिलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुझं घर जागेवर आहे. तुझ्या बापानं राखलं. चल, मी तुझं गाठोडं घेतो."